टीव्ही फिलाडेल्फियाचा, मत न्यू जर्सीचं

अमेरिकेत निवडणुकीच्या वर्षी तुम्हाला किती भाव मिळणार हे तुमच्या विचारांवरून नाही, पत्त्यावरून ठरतं. आम्ही राहतो वेस्ट विंडसरला, न्यू जर्सीतली मर्सर काउंटी, आणि माझा मामेभाऊ राहतो यार्डलीला, म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत. मधे डेलावेअर नदी. स्कडर फॉल्सच्या पुलावरून ट्रॅफिक नसेल तर अर्धा तास पण लागत नाही, फक्त तिकडे जाताना टोल बसतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या मेलबॉक्समधून रोज गठ्ठा निघायचा, जाड चकचकीत कार्डं, एकावर कमला हॅरिस हसतायत आणि ट्रम्प ओरडतायत, दुसऱ्यावर बरोब्बर उलटं, आणि वहिनी ती सगळी कोथिंबीर निवडताना खाली पसरायची. आमच्या मेलबॉक्समध्ये काय, तर पिझ्झाची कुपनं आणि गटर साफ करून देणाऱ्यांची पत्रकं.

कारण बऱ्याच जणांना माहिती असेल, तरी लिहिते. इथे राष्ट्राध्यक्ष देशभरातल्या मतांच्या बेरजेवर ठरत नाही. ५३८ इलेक्टोरल व्होट्स, २७० झाली की जिंकलात, आणि मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर ज्याला राज्यात एक मत जरी जास्त पडलं त्याला त्या राज्याची सगळीच्या सगळी. न्यू जर्सीची १४, आणि ती १९९२ पासून दरवेळी डेमोक्रॅट्सकडे गेलीयत, त्यामुळे आमच्याकडे यायचे कष्ट कोणीच घेत नाही, ना ते ना हे. पेनसिल्व्हेनियाची १९. तिथे २०१६ ला ट्रम्प साधारण ४४ हजार मतांनी आले, २०२० ला बायडन ८० हजारांनी, आणि मतं पडतात ६०-७० लाख! म्हणजे फरक किती तो बघा. साहजिकच दोन्ही पार्ट्यांचा जीव तिथे अडकलेला.

गंमत अशी की आमच्याकडे प्रचार येत नाही पण जाहिराती मात्र सगळ्या येतात. मर्सर काउंटी फिलाडेल्फियाच्या टीव्ही मार्केटमध्ये मोडते, त्यामुळे पेनसिल्व्हेनियाच्या मतदारांसाठी लावलेली प्रत्येक जाहिरात आम्ही बघितली, बातम्यांच्या आधी एक, मधे तीन, नंतर दोन. फ्रॅकिंग, बॉर्डर, अबॉर्शन, परत फ्रॅकिंग. आमच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, त्यांना फ्रॅकिंग म्हणजे जमिनीखालचा खडक फोडून तेल-गॅस काढणं, हे पाठ झालं होतं. म्हणजे पैसे खर्च करून ज्यांना पटवायचंय त्यांच्या शेजारी आम्ही फुकट बसलेलो, आणि आमच्या मताचा त्यांना काडीचा उपयोग नाही. त्यात अजून एक मजा आहे, कायद्याने मतदानाआधीच्या ६० दिवसांत टीव्ही स्टेशनला उमेदवाराकडून आपला सगळ्यात स्वस्त दरच घ्यावा लागतो, पण बाहेरून खर्च करणारे जे सुपर पॅक असतात त्यांना ही सवलत नाही, त्यामुळे त्याच तीस सेकंदांना ते कितीतरी जास्त मोजतात. अब्जाधीश पैसे ओततात त्यातले बरेचसे असे थेट स्टेशनवाल्यांच्या खिशात जातात. असो.

मला मात्र जाहिरातींपेक्षा यादीचं जास्त नवल वाटलं. मामेभावाच्या शेजारच्या काकू तिकडे पार्टीचं काम करतात त्यांच्याकडून हे सगळं कळलं. पेनसिल्व्हेनियात अख्ख्या राज्याची मतदार यादी तुम्हाला २० डॉलरला मिळते, निवडणुकीच्या कामालाच वापरेन असं लिहून द्यायचं की झालं. आणि यादी म्हणजे आपल्यासारखं नाव-वय-घर नंबर एवढंच नाही. जन्मतारीख, कुठल्या पक्षाखाली नाव नोंदवलंय, आणि गेल्या कितीतरी निवडणुकांत मत द्यायला गेला होतात की नाही, हे सगळं त्यात. मत कोणाला दिलं ते गुप्त, पण दिलं की नाही ते उघड! मी हे आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली म्हणजे पेठेतल्या सगळ्यांना कळणार आपण झोपून राहिलो ते? हो, अगदी तसंच. पक्षाची नोंद का, तर तिथे प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात, फक्त त्या त्या पक्षात नोंद असलेल्यांनाच मत देता येतं.

मग या यादीवर पार्ट्यांचे डेटावाले बसतात. घर स्वतःचं की भाड्याचं, कुठली मासिकं येतात, असलं विकत मिळणारं बरंच काही जोडतात आणि प्रत्येक माणसाला दोन मार्क देतात, शून्य ते शंभर. एक, हा आपला असण्याची शक्यता किती. दोन, हा मत द्यायला घराबाहेर पडण्याची शक्यता किती. सगळी स्ट्रॅटेजी या दोन आकड्यांत आहे बघा. जो पक्का आपला आणि दरवेळी मत देतोच त्याच्याकडे जायचंच नाही, वेळ वाया. जो पक्का विरोधातला त्याच्याकडे तर चुकूनही नाही, उगाच आठवण करून दिल्यासारखं होईल. जायचं कुणाकडे, तर आपला आहे पण आळशी आहे त्याच्याकडे, आणि थोडेफार त्या कुंपणावरच्यांकडे. आळशावर सगळ्यात जास्त प्रेम! आयुष्यभर नेमाने मत देणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही आणि ज्याने चार वर्षांत एकदाच मत दिलं त्याच्या दारात तीन तीन वेळा माणसं.

अशाच एका शनिवारी मी पण गेले. कुठल्या पार्टीसाठी ते लपवण्यात अर्थ नाही, न्यू जर्सीतून गाड्या भरभरून नदीपलीकडे जात होत्या त्या डेमोक्रॅट्सच्याच. फोनवर मिनीव्हॅन नावाचं ॲप घ्यायचं, त्यात एक नकाशा, नकाशावर ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक घर आणि त्यातली ठरावीक नावं. दार वाजवायचं, कोणाला मत देणार विचारायचं, एक ते पाच मधला आकडा टाकायचा, एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का त्यांचा. पत्रक मेलबॉक्समध्ये टाकायचं नाही हे दहादा बजावून सांगतात, कारण मेलबॉक्स पोस्टाचा, तिकीट न लावता त्यात काही टाकणं केंद्राच्या कायद्यात बसत नाही. म्हणून दाराच्या कडीला अडकवायचं.

निम्म्या घरात कोणी नसतं किंवा असून उघडत नाहीत, डोअरबेलच्या कॅमेऱ्यातून आवाज येतो की आम्ही ऑफिसात आहोत, आणि आत टीव्ही चालू. काही घरांसमोर नो सॉलिसिटिंगची पाटी, ती सामान विकणाऱ्यांसाठी असते, तुम्ही जा बिनधास्त असं ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं, पण आपल्याला कसंतरीच होतं. सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे दार उघडतो नवरा, आणि ॲपमध्ये नाव असतं फक्त बायकोचं. म्हणजे मशीनच्या मते हे गृहस्थ पलीकडच्या पार्टीतले आणि बाई आपल्या किंवा कुंपणावरच्या. आता त्यांच्याच दारात उभं राहून म्हणायचं, तुमच्याशी नाही हो, मिसेसशी बोलायचंय. एका आजोबांनी मला विचारलं की तुमच्या लिस्टमध्ये मी का नाही, मी म्हटलं तुमचं पक्कं ठरलेलं असेल ना, तर हसले आणि म्हणाले ते खरंय, आणि बायकोला हाक मारली. ती बाहेर आली, नम्रपणे ऐकून घेतलं, आणि कोणाला देणार ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी तीन टाकले.

हे अंदाज चुकतात पण फार मजेशीर. आडनावावरून वंश कुठला ते ओळखायचा प्रयत्न करतात. आमची एक मडगावची मैत्रीण आहे, आडनाव फर्नांडिस, ती ॲलनटाऊनजवळ राहते, तिला दोन्ही पार्ट्यांकडून धडाधड स्पॅनिशमध्ये पत्रं. ती म्हणते मला कोकणीत लिहा मग बघू. पोर्तुगीजांनी चारशे वर्षांपूर्वी दिलेल्या आडनावाचा हा उपयोग होईल असं कोणाला वाटलं होतं.

दारात बोलायचं काय याचं पण शास्त्र आहे. फ्रॅकिंगवर वाद घालायचा नाही. कधी जाणार मत द्यायला, सकाळी की ऑफिसवरून येताना, गाडीने की चालत, असं विचारायचं. २००८ च्या पेनसिल्व्हेनियाच्याच प्रायमरीत यावर प्रयोग झालाय, नुसतं मत द्या सांगण्यापेक्षा त्या माणसाकडून बेत वदवून घेतला तर तो जायची शक्यता चांगलीच वाढते, विशेषतः घरात तो एकटाच मतदार असेल तर. आणि पोस्टाने मत देणाऱ्याला आतल्या पाकिटाची आठवण करायची. तिथे दोन पाकिटं असतात, मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात, मग ते बाहेरच्यात, बाहेरच्यावर सही आणि तारीख. आतलं पाकीट विसरलात तर मत बाद, त्याला तिथे नेकेड बॅलट म्हणतात, आणि २०२० ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते मोजायचं नाही असा निकाल दिलाय. एकदा तुमची मतपत्रिका काउंटीत पोचली की ती नोंद पार्ट्यांना मिळते आणि तुमचं नाव ॲपमधून गायब. म्हणून मामेभावाने काय केलं, ऑक्टोबरमध्येच पोस्टाने मत देऊन टाकलं, पुढच्या आठवड्यापासून दारावरची टकटक बंद. फोन आणि मेसेज मात्र चालू राहिले, ते कुणाच्या बापाला थांबत नाहीत.

आता याचा खरंच उपयोग होतो का, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतोय, म्हणून जरा वाचलं. तेव्हा येल युनिव्हर्सिटीत असलेले ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ ला न्यू हेवनमध्ये प्रयोग केला, काही मतदारांकडे माणसं पाठवली, काहींना पत्रं, काहींना फोन. समोर जाऊन बोलल्याने मतदान चांगलं वाढलं, पत्रांनी थोडंसं, फोनचा उपयोग शून्य. मग २००६ ला मिशिगनमध्ये याहून आगाऊ प्रयोग. लोकांना पत्र पाठवलं की हे बघा तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी गेल्या वेळी मत दिलं की नाही, आणि या निवडणुकीनंतर परत असंच पत्र पाठवू. मतदान ८ टक्क्यांनी वाढलं! २९.७ वरून ३७.८. नुसत्या एका कागदाने. चारचौघांत लाज जाईल ही भीती कुठल्याही भाषणापेक्षा भारी, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. २०१६ ला आयोवात टेड क्रूझच्या कँपेनने हीच आयडिया उचलली, पत्रावर मतदानाचं उल्लंघन असं सरकारी नोटिशीसारखं छापलं आणि सोबत शेजाऱ्यांचे मार्क, तर लोक जाम भडकले, तिथल्या निवडणूक खात्याच्या मंत्र्याने जाहीर झापलं. क्रूझ तो कॉकस (प्रायमरीसारखाच, पण सभा भरवून उमेदवार निवडतात) जिंकले, ती गोष्ट वेगळी.

पण हे सगळं झालं माणसाला घराबाहेर काढण्याबद्दल. त्याचं मत बदलण्याचं काय? २०१८ ला काला आणि ब्रूकमन या दोघांनी ४९ प्रयोग एकत्र करून बघितले, आणि सार्वत्रिक निवडणुकीत मन वळवण्याचा सरासरी परिणाम निघाला शून्य. म्हणजे ते फ्रॅकिंग, ती चकचकीत कार्डं, सगळं कोथिंबिरीखालीच. पार्टी कुठली ते माहीत असलं की माणसाचं ठरलेलं असतं. जिथे सगळे एकाच पार्टीचे असतात, म्हणजे प्रायमरीत, तिथे मात्र प्रचार चालतो. याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट्सच्या प्रायमरीत उतरले, राजकारणात कोणी ओळखत नव्हतं, स्वतःचे एक कोटी डॉलरच्या वर घातले, टीव्हीवर जिकडे तिकडे तेच. राज्यात तिसरे आले, पण डेट्रॉइट शहरात सगळ्यात जास्त मतं त्यांना! मग तिथेच जम बसवला, २०२० ला राज्याच्या सभागृहात, २०२२ ला थेट काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत. त्यांचं राजकारण पटो न पटो, पैसा कुठे लावला की चालतो हे त्यांना बरोब्बर कळलं होतं.

तर २०२४. हॅरिसच्या बाजूने पगारी माणसं, ऑफिसं, आमच्यासारखे पाहुणे व्हॉलंटियर, सगळं शिस्तीत. ट्रम्पच्या बाजूने वेगळाच डाव होता. त्या वर्षी मार्चमध्ये निवडणूक आयोगाने बाहेरच्या गटांना उमेदवाराशी बोलून दारोदार प्रचार करायची मोकळीक दिली, म्हणून त्यांनी ते काम बरंचसं बाहेर देऊन टाकलं, त्यात मस्क यांचा अमेरिका पॅक, जो स्विंग, म्हणजे कधी इकडे कधी तिकडे झुकणाऱ्या, राज्यांत अर्जावर सही करणाऱ्यांपैकी एकाला रोज दहा लाख डॉलर देत होता. आणि लक्ष कोणावर, तर जे सहसा मतच देत नाहीत अशा तरुण पुरुषांवर, जे बातम्या बघत नाहीत, पॉडकास्ट ऐकतात. २० ऑक्टोबरला ट्रम्प बक्स काउंटीतच फीस्टरव्हिलच्या मॅकडोनाल्ड्समध्ये ॲप्रन घालून फ्राइज तळायला उभे राहिले. दुकान त्या वेळी गिऱ्हाइकांना बंद होतं, समोर गाडीत आलेली माणसं आधीच ठरवलेली, सगळ्यांना माहिती. आमच्या काकू म्हणाल्या काय पोरकटपणा. पण तो व्हिडिओ माझ्या भाच्याच्या फोनवर होता, आणि आमची कार्डं नव्हती.

निकाल लागला, ट्रम्प सातही स्विंग राज्यं जिंकले, पेनसिल्व्हेनिया साधारण १ लाख २० हजारांनी, आणि बक्स काउंटी काहीशे मतांनी, जी १९८८ नंतर कुठल्याच रिपब्लिकनला मिळाली नव्हती. सगळे म्हणायला लागले डेमोक्रॅट्सचं ते दारोदार फिरणं फुकट गेलं. मला पण महिनाभर तसंच वाटत होतं. मग एकदा मी नदीच्या दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी शेजारी मांडले.

पेनसिल्व्हेनियात २०२० ला बायडनना ३४ लाख ५८ हजार, २०२४ ला हॅरिसना ३४ लाख २३ हजार. म्हणजे ३५ हजारच कमी. ट्रम्पची मात्र ३३ लाख ७८ हजारांवरून ३५ लाख ४३ हजार. आता न्यू जर्सी. बायडन २६ लाख ८ हजार, हॅरिस २२ लाख २१ हजार. पावणेचार लाखांच्या वर मतं गळाली! आणि ट्रम्पची वाढली किती, ८५ हजार. आमच्याकडचा फरक १६ टक्क्यांवरून ६ वर आला, १० टक्के सरकलं राज्य, आणि पेनसिल्व्हेनिया सरकलं ३ टक्के. अख्खा देश सरकला ६ च्या आसपास.

मला यात दिसतं ते असं. जिथे माणसं दारात गेली तिथे डेमोक्रॅट्सचे आळशी मतदार मत द्यायला गेले, जिथे कोणी फिरकलं नाही तिथे घरीच बसले. आमच्याकडे लोक रातोरात ट्रम्पवादी झाले नाहीत, ते आलेच नाहीत. आणि पलीकडे प्रचाराने आपली माणसं धरून ठेवली पण दुधाचे, अंड्यांचे, घरभाड्याचे भाव बघून चिडलेली जी नवी माणसं ट्रम्पकडे गेली ती काही अडवता आली नाहीत. अर्थात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, २०२० ला कोविडमुळे न्यू जर्सीने प्रत्येक मतदाराला घरबसल्या मतपत्रिका पाठवली होती, २०२४ ला नाही, त्यामुळे थोडी गळती त्याचीही असणार. आणि पसेइक काउंटी, जिथे लॅटिनो वस्ती खूप, ती खरोखरच ट्रम्पकडे गेली, तिथे नुसता आळस म्हणून चालणार नाही. पण तरी. तीन आणि दहा मधला फरक मोठा आहे.

डेमोक्रॅट्सचे पंडित मात्र मेसेज चुकला का, पॉडकास्टवर जायला हवं होतं का, यावरच वर्षभर भांडत बसले. जायला हवंच होतं, पण न्यू जर्सीतल्या त्या पावणेचार लाखांबद्दल कोणी फार बोललं नाही, कारण १४ मतं मिळालीच ना, मग कशाला.

त्याची धास्ती घेतली ती २०२५ ला, गव्हर्नरच्या निवडणुकीत. तिथे इलेक्टोरल वगैरे भानगड नाही, प्रत्येक मत मोजलं जातं, त्यामुळे वेस्ट विंडसरला अचानक भाव आला. मेलबॉक्स भरला. डेमोक्रॅट मिकी शेरिल विरुद्ध रिपब्लिकन जॅक चिटारेली, आणि विषय काय तर विजेचं बिल! त्या उन्हाळ्यात आमचं बिल बघून नवऱ्याने एसी बंद करून खिडक्या उघडल्या होत्या, शेरिलनी पहिल्याच दिवशी आणीबाणी जाहीर करून दर गोठवते म्हणून सांगितलं, आणि मंदिरात, शाळेत, मराठी मंडळाच्या पार्किंगमध्ये सगळीकडे तेवढीच चर्चा. पोल्स म्हणत होते घासून होणार. शेरिल १४ टक्क्यांच्या आसपास जिंकल्या, पसेइक पण परत आली. आता यात दारोदार फिरणं किती, विजेचं बिल किती आणि ट्रम्पवरचा राग किती, हे वेगळं काढायला मला जमलेलं नाही, आणि जे टीव्हीवर छातीठोक सांगतात त्यांनाही जमलंय असं वाटत नाही.

२०२६ च्या मिडटर्मला, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मधे येणाऱ्या काँग्रेसच्या निवडणुकीला, बक्समध्ये ब्रायन फिट्झपॅट्रिकची सीट आहे, हॅरिसला थोडी जास्त मतं देऊनही तिथल्या लोकांनी काँग्रेससाठी हा रिपब्लिकन निवडला, म्हणजे कुंपणावरची माणसं तिथे खरंच आहेत. काकूंचा मेसेज आलाय, शनिवार रिकामा ठेव म्हणून. पण आमच्याच राज्यात रिपब्लिकन टॉम कीनची सीट पण अटीतटीची आहे, ब्रिजवॉटरला माझी नणंद त्याच मतदारसंघात राहते. तिथे जायला टोल पण लागत नाही, आणि दुपारचं जेवण नणंदेकडे, तर मी तिकडेच नाव दिलंय.